वादळपाखरू आणि आबा

दामाजी कोळी आणि भगवान रोकडे यांच्यात वर्षानुवर्षं एकच भांडण चालू होतं आणि ते एका माकडावरून होतं. भगवान कल्याणला खाडीकाठच्या बागेत प्राण्यांची देखभाल करायचा. प्राणी म्हणजे काय, चार ससे, एक डोळा गेलेलं हरीण आणि एका फिरत्या सर्कशीकडून जप्त करून आणलेलं काळंकुळकुळीत माकड. तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा झुबका. त्या आयाळीमुळं ते जावयावर रागावलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसायचं, म्हणून भगवाननं त्याचं नाव ठेवलं आबा.

लोकांनी मात्र आबाचा मारुती करून टाकला. शनिवारी पिंजऱ्यापुढं गर्दी व्हायची. कुणी खोबरं, कुणी गूळ-फुटाणे, कुणी वाटीत तेल घेऊन हजर. भगवान बौद्ध माणूस, भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेल्या घरातला, आणि देवाच्या भक्तांना काठी दाखवून हाकलत बसणं नेमकं त्याच्या वाट्याला आलं होतं. ‘‘अहो ताई, माकड आहे ते. त्याला हगवण लागते,’’ असं तो घसा खरवडून सांगायचा. ताई हसून हात जोडायच्या, गुळाचा खडा गजांतून आत सोडायच्या आणि निघून जायच्या.

दामाजी खालच्या अंगाचा, डोंबिवलीच्या मोठागावचा. भरतीबरोबर होडी वल्हवत वर कल्याणला यायचा, मिळाली असेल ती मासळी ओळखीच्या घरांत द्यायचा आणि ओहोटी लागेपर्यंत भगवानच्या बाकड्यावर ठाण मांडायचा. अलीकडं मासळी कमी आणि बसणं जास्त झालं होतं.

‘‘तुज्या माकडाची चैन हाय रं,’’ तो म्हणायचा. ‘‘बसल्या जागी निवद. आमच्या खाडीला कोन इचारतंय?’’

‘‘मेलीय तुझी खाडी. मेलेल्याला कोण कशाला विचारेल?’’

इथं दामाजीचं टाळकं सटकायचं. खाडी मेली हे त्याला ऐकवत नसे. वरून कारखान्यांचं पाणी यायचं, कधी तांबडं, कधी हिरवं. जिताडा मासा दिसेनासा झाला होता, जाळं धुतलं तरी हाताला वास राहायचा. त्याच्या मुलानं वल्हं टाकून कंपनीतली पाळी धरली होती. हे सगळं दामाजीला दिसत होतं, तो काही आंधळा नव्हता. पण आईला दमा झाला म्हणून कुणी तिला मेली म्हणत नाही, असं तो म्हणायचा आणि तंबाखू मळायला घ्यायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत एक वादळ येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी दामाजीला तिवरांच्या मुळ्यांत एक पाखरू अडकलेलं सापडलं. काळं, पोटावर तेवढा पांढरा डाग, चोचीला पुढं आकडा. त्यानं पंख सोडवायला घेतला तर तो उलगडतच राहिला. पाय मात्र बघून हसू यावं इतके इवले. आयुष्यभर पाण्यावर काढलेल्या दामाजीनं असलं पाखरू पाहिलं नव्हतं, पण त्याच्या आज्यानं त्याला सांगून ठेवलं होतं: खोल समुद्रातलं पाखरू होडीवर उतरलं की तो समुद्राचा पाहुणा. त्याला हुसकायचं नाही. जाळ्यातला पहिला मासा त्याचा, मग घरच्यांचा. दामाजीनं पाखराला कांबळ्यात गुंडाळलं आणि भरती लागताच थेट भगवानकडं आणलं, कारण आबाच्या शेजारचा पिंजरा रिकामा होता.

भगवानची मुलगी नीला कल्याणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ती जाडजूड पुस्तक घेऊन धावत आली. पुस्तकातलं चित्र आणि पाखरू ती आळीपाळीनं बघत राहिली.

‘‘दामाजीकाका, हा फ्रिगेट पक्षी आहे. याची घरटी अख्ख्या जगात एकाच बेटावर आहेत. कुठल्याकुठं, हिंदी महासागराच्या पार त्या टोकाला. आणि त्या बेटावर खाणी खणल्यात.’’

‘‘म्हंजे आपलं पाखरू आबापरीस मोठं,’’ दामाजी खूश होऊन म्हणाला.

‘‘मोठं कसं?’’ भगवान लगेच पेटला. ‘‘आबाचं काय कमी आहे? नीला, सांग याला.’’

नीलानं सांगितलं. आबाची जात खाली कर्नाटकापासून केरळापर्यंतच्या घाटातली, तिथल्या दाट रानातली आणि जगात दुसरीकडं कुठंच नाही. त्यांना पोर होतं एका वेळी एकच, तेही दोन-तीन वर्षांनी. या पाखराचंही तसंच, अंडं एकच आणि पिल्लू वर्षभर आईबापाच्या जिवावर. आबाचे भाऊबंद झाडांच्या शेंड्यावरून खाली उतरायला राजी नसतात, म्हणून मधली झाडं तोडली की ते तिथंच अडकतात. आणि हे पाखरू समुद्रावर जन्म काढतं, पण पाण्यावर बसू शकत नाही. पिसं भिजली की संपलं.

दोघा म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आपलं जुनं भांडण नव्या जोमानं सुरू केलं, मरायला जास्त टेकलंय कोण, तुझं की माझं. नीला वैतागली. ‘‘बाबा, पुरे आता. पावसाचा जोर कमी झाला की याला उत्तनला नेऊन समुद्रावर सोडू. तोवर जगवायचं कसं ते बघा.’’

‘‘त्ये माज्याकडं,’’ दामाजी म्हणाला. पाहुणा त्याचा होता.

पण पाहुणा खाईना. बाजारातल्या बर्फातल्या माशाकडं तो मान फिरवायचा. भगवाननं चोच उघडून धरायची आणि दामाजीनं तुकडा आत सरकवायचा, असे काही दिवस रेटले. पाखरू दिवसेंदिवस हलकं होत चाललं. दामाजी मनात एकच गोष्ट धरून बसला होता. याला आपल्या खाडीतली जिवंत मासळी मिळाली की हे उठेल. आणि आपल्या खाडीवर हे उठलं, तर पुन्हा ती मेली म्हणायची भगवानची छाती होणार नाही. रोज तो जाळं टाकायचा आणि चिखल, प्लास्टिक आणि दोन-चार कोळंब्या घेऊन परत यायचा. मनुबाई, त्याची बायको, म्हणायची, ‘‘पाखरासाठी इतका जीव काढता, पोराचं लगीन ठरवताना येवढा काढला नाय.’’

गुरुवारी पहाटे मनुबाईनंच त्याला हलवून उठवलं. ‘‘उठा, उठा! वलगण आयली!’’

वलगण म्हणजे पावसाळ्यात अंडी घालायला मासे उथळ पाण्यात चढतात, ओहोळांत, शेतांत, काठाच्या गवतात, हातानं उचलावेत इतके. दामाजी लहान असताना दरसाल यायची. त्याच्या नातीनं, मालूनं, वलगण फक्त ऐकली होती. तो धावत काठावर गेला आणि त्याच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास बसेना. काठाकाठानं मासे तोंडं वर काढून उभे होते. हात घातला तरी पळत नव्हते. बोय होती, शिंगटी होती, इतक्या वर्षांनी एक जिताड्याचं पिलूही होतं. सगळं मोठागाव टोपल्या, पातेली, लुगड्याचे सोगे घेऊन पाण्यात उतरलं होतं. मालू गुडघाभर चिखलात नाचत होती. दामाजीला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

वास आला होता त्याला. रॉकेलासारखा, पण रॉकेलाचा नव्हे. त्या वासाकडं त्यानं लक्ष दिलं नाही. वासाची सवय होती आणि सुखाची नव्हती.

‘‘साफ करून ठेव,’’ त्यानं मनुबाईला सांगितलं. ‘‘आदी पाव्हण्याचा घास. मी येतो ओहोटीबरोबर, मंग बसू जेवायला.’’ डबाभर पाण्यात वळवळती मासळी घेऊन तो भरतीवर निघाला. त्या सकाळी त्याचं वल्हं कसं चाललं ते विचारू नका.

पाखरानं जिवंत मासा पाहिला आणि पहिल्यांदाच स्वतःहून चोच पुढं केली. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पंख पिंजऱ्याला दोन्हीकडं टेकेपर्यंत त्यानं पसरले. दामाजी भगवानकडं बघून नुसता हसत राहिला.

‘‘बोल. बोल आता, मेली खाडी?’’

‘‘नाही बाबा. जिंकलास,’’ भगवान म्हणाला, आणि त्यालाही खरंच बरं वाटलं होतं. खुशीत येऊन दामाजीनं एक बोय आबाच्या गजांशी धरली. आबानं हात लांब केला होता, पण भगवाननं दामाजीचं मनगट धरलं. ‘‘त्याला नको. त्याचं पोट मी ओळखतो. लोकांच्या तेलाखोबऱ्यानं आधीच वाट लागलीय.’’

दोघांनी चहा घेतला. चहा संपायच्या आत पाखरू एका अंगावर कललं. चोच उघडी, मान वेडीवाकडी. भगवान आत शिरला, त्यानं त्याला मांडीवर घेतलं. दामाजीनं पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते बाहेरच आलं. कॉलेजातून नीला आली तेव्हा पाखराचे पाय ताठ झाले होते. तिनं डब्यातला उरलेला मासा उचलला, कल्ला उघडून बघितला आणि वास घेऊन दूर केला.

‘‘काका, ही वलगण नाही. खाली श्वास घेता येईना म्हणून हे वर आलेत. पावसाच्या आडोशानं वरून काहीतरी सोडलंय कुणीतरी.’’

पाहुण्याला पहिला घास. दामाजीच्या डोक्यात आधी तेवढंच आलं. आपण आपल्या हातानं, कौतुकानं, मोजून चांगला चांगला मासा निवडून दिला. मग दुसरी गोष्ट आली. घरी मालू. घरी मनुबाई. सगळं मोठागाव.

त्यानं मेलेलं पाखरू उचललं, होडीत टाकलं आणि ओहोटीवर निघाला. नीला मागून ओरडत होती की रिक्षानं चला, पण गाव पाण्यानंच गाठायचं असतं हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याला ऐकूच गेलं नाही. शिवाय दोन्ही काठांवर माणसं होती. वाटेतल्या प्रत्येक वाडीत लोक पाण्यात वाकून मासे वेचत होते. काठावर चुलीसुद्धा पेटल्या होत्या.

‘‘खाऊ नका!’’ दामाजी ओरडला. ‘‘फेका ती मासली! इख हाय त्यात!’’

काठावर चंद्रभागा होती, त्याच्या मावशीच्या घरातली. टोपली कमरेवर घेऊन ती हसली. ‘‘वा रं दामाजी! सोताची होडी भरून झाली, आता आमाला इख काय?’’

त्यानं पाखरू दोन्ही हातांनी वर धरलं. लांब पंख खाली लोंबले. ‘‘ह्ये बग! ह्ये खाऊन मेलं!’’

‘‘कावळा मेला म्हनून वलगण सोडू?’’ धाकू नावाचा एक म्हातारा ओरडला आणि काठावर हशा पिकला. कुणीतरी तव्यावर मासा टाकल्याचा आवाज पाण्यावरून आला.

दामाजीनं पाखराकडं पाहिलं. अख्ख्या जगात एका बेटावरचं पाखरू. इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्याच्या नावानं कुणाच्या घरी दिवा लागत नव्हता, ते कुणाचंच नव्हतं. हे पुन्हा वर धरून दाखवलं तरी लोक पुन्हा हसणार. आणि मग, विचार करायला वेळ नव्हता, त्याच्या तोंडातून निघून गेलं:

‘‘मारुती मेला! बागेतला मारुती ह्ये मासं खाऊन मेला!’’

चंद्रभागेच्या कमरेवरची टोपली खाली पडली. धाकूनं कानांना हात लावले. कुणीतरी तवा उलटा केला. ‘‘मारुती गेला गं!’’ अशी हाळी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत गेली, आणि ती होडीपेक्षा कितीतरी वेगानं धावली. दामाजी मोठागावला टेकला तेव्हा अंगणात कालवणाचं भांडं पालथं होतं, मासे मातीत पडले होते आणि मनुबाई तोंडाला पदर लावून मारुतीसाठी रडत होती. मालू कोरडा भात मीठ लावून खात होती. दामाजी तिच्यासमोर बसला आणि ती शेवटचं शीत खाईपर्यंत बघत राहिला.

संध्याकाळपर्यंत काठाकाठानं मेलेल्या माशांचे पांढरे ढीग लागले. कुत्री पडली, दोन म्हशी पडल्या. माणूस एकही गेला नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण शनिवार यायचा होता.

शनिवारी लोक हार, गुलाल आणि नारळ घेऊन बागेत मारुतीच्या अंत्यदर्शनाला गेले. तर मारुती गजाला लटकून पेरू खात होता. आधी सगळे थबकले. मग एका बाईनं किंकाळी फोडली, ‘‘पचवलं! देवानं इख पचवलं!’’ आणि तिथून पुढं भगवानच्या हातात काही राहिलं नाही.

दामाजी धावत गेला. पिंजऱ्यापुढच्या ओट्यावर चढून त्यानं सांगितलं की मी खोटं बोललो, आबाला काही झालंच नव्हतं, त्यानं मासा तोंडाला लावला नव्हता, मेलं ते पाखरू. लोकांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. मग एकानं त्याच्या कपाळाला शेंदूर लावला. तुझ्याच तोंडून देवानं सांगितलं की रे, असं म्हणत त्याच्या पायाही पडला. सत्य सांगायला माणूस किती वेळ ओरडू शकतो? दामाजीचा घसा दुपारपर्यंत बसला.

आता रोजच शनिवार झाला. टिटवाळ्याकडून, भिवंडीकडून, पार शहापूरकडून माणसं यायला लागली. तेल आबाच्या अंगावर ओतलं जायचं, शेंदूर गजांतून त्याच्या तोंडाला फासला जायचा. आबा पिंजऱ्याच्या छताला जाऊन चिकटला, जितकं उंच जाता येईल तितकं उंच, आणि खाली उतरेना. तर लोकांनी बांबूला पेढे बांधून वर नेले. भगवान काठी घेऊन उभा राहिला, तेव्हा बागेच्या साहेबांनी त्याला समज दिली की भाविकांच्या भावना दुखावू नका. रात्री उशिरापर्यंत बसून तो ओल्या फडक्यानं आबाची आयाळ पुसायचा. आबा त्याचं बोट धरून ठेवायचा. नीलानं साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला.

आणि खाडीवर? खाडीवर लोक पुन्हा उतरले. पुढच्या पौर्णिमेला पाणी पुन्हा तांबडं झालं, मासे पुन्हा तोंडं वर काढून उभे राहिले. या वेळी दामाजी काठावरून ओरडला तेव्हा चंद्रभागा अगदी प्रेमानं म्हणाली, ‘‘मारुतीनं पचवलं, मंग आमाला काय होतंय?’’ तिच्या घरची दोघं इस्पितळात गेली. एक परत आला.

श्रावणातल्या एका सोमवारी आबा छतावरून पडला. पोट फुगलेलं, डोळ्यांत तेल. भगवाननं त्याला मांडीवर घेतलं, पाखराला घेतलं होतं तसंच. पण या वेळी त्याला फार वेळ बसू दिलं नाही. बातमी फुटली, ताशे आले, पालखी आली, कुणीतरी भगवं कापड आणलं. बागेतच समाधी बांधायचं ठरलं. एका पुढाऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसानं भगवानच्या खांद्याला हात न लावता, हवेत हात हलवून त्याला म्हटलं, ‘‘भगवानराव, तुम्ही आता जरा लांब व्हा. विधी आहे.’’

भगवान उठला. मांडी रिकामी झाल्यावर क्षणभर त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना. तो जाऊन बाकड्यावर बसला. दामाजी आधीपासून तिथं होता. गुलाल उडत होता, जयजयकार चालला होता. ज्यांनी मारलं तेच ढसाढसा रडत होते आणि त्यांचं रडणं खोटंही नव्हतं.

‘‘भगवान, माज्या तोंडानं मेला तो,’’ दामाजी म्हणाला. ‘‘पन मालू जेवत व्हती रं. पुन्ना येळ आली तरी मी तेच वरडंन. मना माफ नको करू.’’

भगवाननं मांडीवर राहिलेला आबाचा एक करडा केस चिमटीत उचलला.

‘‘मी त्याला माकड म्हणून वागवलेलं,’’ तो म्हणाला. ‘‘माकड म्हणून तो माझ्याकडं इतकी वर्षं जगला. तुम्ही देव केलात तर महिनाभर टिकला नाही.’’ मग त्यानं विचारलं, ‘‘पाखराला कुठं ठेवलंस?’’

‘‘पुरलं. वर डोंगरीवर. पान्यात सोडाया मन झालं नाय, त्याला पानी चालत नाय.’’

‘‘त्याच्या मातीला कुणी आलं होतं?’’

‘‘मालू आली व्हती.’’

भगवाननं मान डोलावली. समोर आबाला खड्ड्यात उतरवत होते. खाडीकडून तो वास पुन्हा यायला लागला होता, आणि पलीकडच्या काठावर बाया टोपल्या घेऊन पाण्यात उतरत होत्या. दामाजीला त्या दिसल्या, वासही आला, पण त्यानं तोंड उघडलं नाही. भगवाननं त्याच्याकडं वळून पाहिलं.

‘‘पाखरू मेलं, हे खरं होतं, ते कुणाला पटलं नाही. मारुती मेला, हे खोटं होतं, ते सगळ्यांना पटलं,’’ तो म्हणाला. ‘‘आज दोन्ही खरंय, दामाजी. जा. ओरड आता.’’

दामाजी उठला, काठापर्यंत गेला आणि त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले. मागं ताशे इतके जोरात वाजत होते की त्याचा त्यालाच आवाज ऐकू आला नाही. पलीकडची एक बाई वाकता वाकता थांबली, तिनं त्याला ओळखलं आणि हसून हात जोडले.